नळीतलं जेवण

आबांना अर्धांगवायू झाला, तेव्हा देवपूरच्या दवाखान्यात भेटलेली ही सिस्टर. पेशंटकडे एकदा बघायची आणि नातेवाइकांकडे तीनदा. माझा चेहरा पाहून तर रोज विचारायची, "भाऊ, पेशंट तुम्ही का आबा?"

तिसऱ्या दिवशी तिने आमचा डबा उचलून पाहिला. जडच होता. मग भिंत धरून उठणाऱ्या आईकडे वळून म्हणाली, "अक्का, तुम्ही जेवत नाही?"

"त्या जेवनात नहीत आजून," आई आबांकडे बघत म्हणाली. म्हणजे आबा अजून जेवले नव्हते.

आबांच्या आधी ती जन्मात जेवली नव्हती. नाकातल्या नळीतून जातं, त्याला ती जेवण मानायलाच तयार नव्हती. दोन दिवस नुसत्या चहावर होती. आम्ही पाच शहाण्यांनी समजावून समजावून घसे बसवून घेतले होते.

सिस्टरने समजावलं नाही. नळी तपासली, डाळीच्या पाण्याची मोठी सिरिंज आईच्या हातात दिली आणि म्हणाली, "वाढा अक्का. सावकाश."

सिरिंज रिकामी झाली. आईने पदराने आबांचं तोंड पुसलं. कोरडंच होतं, तरी दोनदा पुसलं. मग हात धुऊन मला म्हणाली, "भाकर काढ रे."