आईला न सांगितलेलं वाक्य

हे मी आजवर कुणाजवळही बोललो नाही. बहिणीजवळसुद्धा नाही. तुम्हाला सांगतो — पण अडखळतच सांगेन.

नाशकात गोदेकाठी आमचा फुलांचा मळा होता. पहाटे आई मोगरा खुडायची आणि मी बांधावर बसून इंग्रजी धडे मोठ्यानं म्हणायचो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. "म्हण रं, लय ग्वाड वाटतं," ती म्हणायची. अर्थ? तो तिला नकोच असायचा. मोगऱ्याचा वास आला की त्या पहाटा अजून जशाच्या तशा उभ्या राहतात — आणि मग पुढचंही.

तिच्या गर्भाशयात कॅन्सर निघाला. लवकर कळलं, म्हणून बायकांच्या दवाखान्यातल्या मडम डॉक्टरांनी गर्भाशय काढून टाकलं. त्यांना मराठी जेमतेम, दुभाष्या मीच. पहिल्या तपासणीच्या वेळी, अंगावरून रक्त किती जातं, हा त्यांचा प्रश्न मी आईला भरल्या व्हरांड्यात मोठ्यानं विचारला, आणि बघतो तर समोर माझा वर्गमित्र, त्याच्या बहिणीबरोबर आलेला. तो कधी हसला नाही, कुणाला बोललाही नाही. पण मी — मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

घरी सोडताना मडम म्हणाल्या, टाक्यांच्या जागी गाठ लागली तर, कळीएवढी असली तरी, लगेच घेऊन ये. मी मान डोलावली. आईला सांगितलं, "आता बरी झालीस म्हणतात." बाकीचं गाळलं. का? पुन्हा तो व्हरांडा नको होता. एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात, लुगडं कसतात तिथं, व्रणावर तिच्या हाताला काहीतरी लागलं.

"कळीवानी हाय. मडम काय बोलली व्हती का रं याचं?"

"नाही," मी म्हणालो. "लुगडं घट्ट नेसतेस, त्याचा घट्टा असेल."

तिनं विश्वास ठेवला. त्या दिवसापासून लुगडं सैल नेसू लागली. मला रोज दिसायचं ते.

दसऱ्यानंतर नेलं तेव्हा तिथं लिंबाएवढी गाठ होती. मडमनी मला विचारलं — सांगून ठेवलं होतं ना, मग इतके महिने का थांबलात?

"काय म्हनती?" आई.

"उशीर का केला, विचारतात."

आई ओशाळली. "सांग तिला, चूक माझीच हाय. झेंडूची तोडणी व्हती, म्या आले नाय."

ते वाक्य मात्र मी एक शब्दही न गाळता इंग्रजीत सांगितलं.