डाव्या कानाच्या दोन खाचा

बायनाबाईच्या माहेरी मेंढीच्या डाव्या कानाला दोन खाचा पाडायची रीत होती. बाप कोकराला मांडीत धरायचा, कातर चालवायचा आणि कानाला हळद लावून सोडून द्यायचा. लेकीला आंदण दिलेल्या मेंढ्या ही खूण घेऊनच सासरी जात. तिथं त्यांना पिल्लं झाली, त्या पिल्लांना पिल्लं झाली, तरी त्या वंशाची खूण बाईच्या बापाचीच राही. तिचा नवरा इंद्रभान याच्या मेंढ्यांचा उजवा कान टोकाशी कापलेला असे. एका वाघरीत, रात्री मेंढ्या कोंडायच्या जाळीत, दोन खुणा आहेत म्हणून मेंढपाळांत कुणी काही विचारत नसे.

विचारलं ते पोलिसांनी. केदारखेड्याच्या शिवारात कपाशी निघाल्यावर इंद्रभाननं रिकाम्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. शेजारच्या गावातल्या काकासाहेबांच्या मेंढ्या चोरीला गेल्या होत्या आणि त्यांचीही खूण डाव्या कानावरच होती. त्यांची खाच एकच असे. पण काट्याकुट्यांत फाटलेल्या कानावर एक काय नि दोन काय, बघणाऱ्याला सारख्याच.

"तुझी खूण कोणती रे?" हवालदारानं विचारलं.

"उजवा कान, साहेब."

"मंग ह्या डाव्या कानाच्या कुणाच्या?"

बायनाबाई तिथंच उभी होती, दहा-अकरा वर्षांच्या छकुलीचा हात धरून. तिनं तोंड उघडलं. इंद्रभाननं तिच्याकडं पाहिलं आणि ती नजर ओळखून ती थांबली. रोगाच्या एका साथीत त्याचा स्वतःचा कळप जवळजवळ संपला होता. तेव्हापासून घर तिच्या मेंढ्यांवर चाललं होतं आणि भावकीत कुणी ना कुणी टोमणा मारायचंच, "काय इंद्रभान, सासऱ्याची मेंढरं बरी हायेत ना?" आता तर बांधावर अर्धं गाव जमलं होतं.

"इकत घेतल्यात," तो म्हणाला.

"कुणाकून? पावती दाखव."

त्याला नाव सुचलं नाही. लोक हसले. एवढ्याशा खोट्यावर पुढचं सगळं उभं राहिलं: चोरीचा गुन्हा, अटक, मेंढ्यांची जप्ती.

जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदाराचा सातबारा हवा होता, आणि रानोमाळ हिंडणाऱ्यांसाठी कोण आपला सातबारा देणार? इंद्रभान आतच राहिला. भेटीच्या दिवशी जाळीपलीकडून तो मेंढ्यांची चौकशी करायचा, छकुलीची करायचा, आणि डाव्या कानाची गोष्ट निघाली की विषय बदलायचा. "मी सांगू का कोर्टात?" तिनं एकदा विचारलं. त्यानं मान खाली घातली. ते हो होतं की नाही, हे तिला आजही ठरवता येत नाही.

दीर सुग्रीवनं मात्र ठरवून टाकलं होतं. "वैनी, तुम्ही तिथं उभ्या राहिल्या तर दादाला तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई. सरकारनं वकील देला ना? तो बघून राह्यला बराबर."

सरकारनं दिलेला वकील दोनदा बदलला. काकासाहेबांच्या साक्षीच्या दिवशी आलेल्यानं इंद्रभानशी बोलायच्या आधीच "काही प्रश्न नाहीत" असं सांगून टाकलं. बायनाबाई बाहेर लिंबाखाली बसली होती. तिला कुणी बोलावलं नाही आणि ती आपण होऊन उठली नाही.

जप्त मेंढ्या निकालापर्यंत काकासाहेबांकडं ठेवल्या होत्या. एकदा त्यांच्या रानावरून जाताना तिला राहवलं नाही. तिनं हलकेच हाळी दिली. चरणाऱ्या कळपातल्या काहींनी चटकन माना वर केल्या, तिच्याच. त्या बांधाकडं धावत यायला लागल्या तशी ती पदर तोंडावर ओढून घाईनं निघाली. आधीच एक चोर ठरला होता घरात.

इंद्रभानला शिक्षा झाली. पुढं तुरुंगात कैद्यांना भेटायला येणाऱ्या अर्पिता नावाच्या तरुण वकीलबाईनं त्याचं अपील हातात घेतलं. ती थेट बायनाबाईच्या पालावर आली आणि चहाही न घेता तिनं विचारलं, "ताई, त्या मेंढ्या कुणाच्या?"

"माझ्या."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"कुणी इचारलंच न्हाई, मॅडम." बोलून झाल्यावर बायनाबाईला वाटलं, हे अर्धंच खरं आहे.

वरच्या कोर्टात ती उभी राहिली. माहेराहून, जांब समर्थहून, तिचा भाऊ दोन खाचांची खूण दाखवायला बापाच्या कळपातली मेंढी टेम्पोत घालून घेऊन आला. इंद्रभान निर्दोष सुटला. तोवर त्याची शिक्षा भोगून झाली होती. मेंढ्या परत द्यायचा हुकूम निघाला, तेव्हा काकासाहेब एक म्हातारी मेंढी घेऊन पालावर आले. बाकीच्या मेल्या होत्या, विकल्या गेल्या होत्या. "बाई, मला बिलकुल माझ्याच वाटल्या हो," असं ते म्हणाले. इंद्रभाननं त्यांना पाणी दिलं.

त्या म्हातारीला एक शेवटचं कोकरू झालं. छकुलीचं लग्न ठरलं तेव्हा आंदण द्यायला तेवढंच होतं. बायनाबाईनं कातर आणली, हळद कालवली. इंद्रभाननं कोकरू मांडीत धरलं, पण ती जवळ येताच त्यानं त्याचा डावा कान मुठीत झाकून घेतला.

"राहू दे. खूण नको."

"माझ्या बापाची हाय."

"म्हणूनच." त्यानं मूठ सोडली नाही. "त्या दिवशी एवढंच म्हणायचं होतं मला. तुझ्या बापाची हायेत म्हणून."

त्यानं हे पहिल्यांदाच म्हटलं. ऐकायला ती किती वर्षं थांबली होती. पण आता ते ऐकून करायचं काय, हे तिला कळेना. तिनं कातर खाली ठेवली.

"मंग माझं कोणतं, हे तिथं कसं कळंल?" छकुलीनं विचारलं.

"चेहऱ्यावरून," बायनाबाई म्हणाली. "अन् कुणी इचारलं तर तू सांगायचं. नवऱ्याकडं बघत बसायचं न्हाई."

वाटीतली हळद तशीच वाळली. वऱ्हाडाच्या गाडीत छकुलीच्या पायाशी कोरे कान हलवत कोकरू गेलं, आणि इंद्रभान कोकराचा कान झाकलेली ती मूठ मिटलेलीच ठेवून रस्त्याकडं बघत राहिला.