जोशीबाईंच्या बाथरूमची गळती

अकरा वर्षं ही गोष्ट मी कुणाजवळ बोललो नव्हतो. बायकोजवळ नाही, पोरीजवळ नाही, आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्याजवळ तर नाहीच. तुम्ही म्हणाल, बाथरूमची गळती ही काय लपवून ठेवायची गोष्ट आहे? तेच तर. एवढीशी होती. त्याच दिवशी तोंड उघडलं असतं तर दोन मिनिटांत संपली असती.

मी फरशी बसवणारा मिस्त्री. मूळचा सिल्लोडकडचा, पण थापी हातात घेतली ती औरंगाबादेत. तेव्हा शहराचं आम्ही तेच नाव घ्यायचो. माझ्या जोडीला नळाचं काम करायला रऊफ असायचा. तोही सिल्लोडचाच. बारा-तेरा वर्षं आम्ही दोघांनी मिळून बाथरूम केली. जुनं मी फोडायचं, नळ्या त्यानं टाकायच्या, वरून फरशी मी बसवायची. लोक एकाला निरोप द्यायचे आणि दोघं येणार हे धरून चालायचे.

रऊफचं काम सावकाश असायचं. सांधा जोडून झाला तरी त्यावरून बोट फिरवायचा, कान लावायचा, पुन्हा बोट फिरवायचा. मी वैतागायचो. पण त्याचा सांधा कधी गळाला नाही — कधीच नाही. हे मला माहीत होतं. म्हणून तर जे मी केलं त्याला अजाणतेपणी झालं असं म्हणता येत नाही.

सरळ मुद्द्यावर का येत नाही मी? येतो.

गारखेड्यात जोशीबाई म्हणून निवृत्त शिक्षिका राहायच्या, पहिल्या मजल्यावर. त्यांच्या मिस्टरांना — आम्ही त्यांना सर म्हणायचो — अर्धांगवायू झाला होता. उपचारासाठी ते पुण्याला मुलाकडं होते आणि ठरलेल्या सोमवारी परत यायचे होते. बाथरूम अगदी लहान, पाच बाय सात. जुनं खाली बसायचं भांडं, गुळगुळीत झालेली शहाबादी फरशी, दाराशी पाय अडखळेल असा उंबरा. बाईंना तिथं कमोड हवा होता, धरायला स्टीलचे दांडे हवे होते, न घसरणारी खरखरीत फरशी हवी होती. आणि भिंतींना त्यांनी स्वतः दुकानात जाऊन फिकट हिरव्या टाइल्स निवडल्या. म्हणाल्या, सरांचा अर्धा दिवस आता तिथंच जाणार, तर जरा बरं दिसू द्या. आरसासुद्धा त्यांनी खाली लावायला सांगितला, बसलेल्या माणसाला तोंड दिसेल असा.

रऊफनं मंगळवारी सांडपाण्याची नळी टाकली. तिचं खालचं तोंड बंद करून वरपर्यंत पाणी भरलं आणि पाण्याच्या पातळीला पेन्सिलीनं खूण केली. बुधवारी सकाळी आम्ही दोघांनी वाकून बघितलं. पाणी खुणेला होतं. केसभरसुद्धा उतरलं नव्हतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं — हे वाक्य नीट ध्यानात ठेवा, कारण पुढं मी ते नाकारलं.

त्यानंतर माझं काम. जमिनीवर वॉटरप्रूफिंगचा एक कोट बुधवारी, दुसरा गुरुवारी. शुक्रवारी बाथरूममध्ये पाणी भरून दिवसभर तसंच ठेवायचं आणि खालच्या घराचं छत बघायचं. ते कोरडं राहिलं की शनिवारी फरशी आणि रविवारी फरशांमधले जोड भरायचे. सोमवारी सर येणार. सगळं जागच्या जागी बसत होतं.

फक्त शनिवारी माझ्या पोरीचा फॅशन शो होता.

सारिका कॉलेजात कपड्यांच्या डिझाइनचा कोर्स करत होती. शेवटचं वर्ष. पोरींनी शिवलेले कपडे घालून पोरीच चालणार, त्यासाठी हॉलमध्ये रॅम्प लागणार होता आणि तो त्यांचा त्यांनाच उभा करायचा होता. तिनं मला विचारलं, बाबा, शनिवारी दिवसभर याल का? मी लगेच हो म्हणालो. माझं काम पोरीच्या कॉलेजात लागतंय याचं मला काय वाटलं असेल, तुम्हीच बघा.

बाईंना म्हणता आलं असतं की एक दिवस वाढवून द्या. त्यांनी दिला असता. सरांना एक दिवस उशिरा आणलं असतं. पण सोमवारचा शब्द मी दिला होता, आणि दिलेल्या शब्दात बसतो म्हणून माझं नाव होतं. मग मी काय केलं? गुरुवारी दुसरा कोट मारलाच नाही. पहिल्यावरच फरशी बसवली. पाणी भरून बघणं तर दूरच. शुक्रवारी जोड भरून मोकळा झालो. संध्याकाळी कमोड बसवायला रऊफ आला. त्यानं विचारलं, पाणी भरून बघितलं ना?

मी म्हणालो, "व्हय."

हे पहिलं खोटं. लहानसं होतं. पण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं राहिलं.

शनिवारी सकाळपासून मी हॉलमध्ये होतो. लोखंडी घोड्यांवर प्लायवूड टाकून पोरांनी रॅम्प जोडला होता. मी लेव्हल लावून बघितली, दोन ठिकाणी पाचर मारली, मग स्वतः त्यावरून तीनदा चालत गेलो. उंच टाचांच्या चपला घालून पोरी चालणार, कुणाचा पाय मुरगळला तर? त्या एका संध्याकाळपुरत्या फळ्यांची मी एवढी काळजी घेतली. आणि जिथं एक लुळा माणूस रोज आंघोळ करणार होता, तिथं?

शो संध्याकाळी झाला. बायको मंदा ठेवणीतलं पातळ नेसून आली होती. रऊफ पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात माझ्या शेजारी बसला. मोठ्यानं गाणी, डोळ्यांवर दिवे, आणि पोरी नुकतीच कुणी खरडपट्टी काढल्यासारखी तोंडं करून चालत होत्या. मंदानं विचारलं, या हसत का नाहीत? मला काय माहीत. पण सारिकाचे कपडे आले तेव्हा ते तिचे आहेत हे मला कुणी सांगावं लागलं नाही. शेवटचं होतं हिमरूचं, आपल्या औरंगाबादी वेलबुट्टीच्या कापडाचं, जाकीट. रऊफच्या आईची जुनी हिमरू शाल होती, कडेला विरलेली. त्यानं ती सारिकाला आपणहून दिली होती — पडून राहण्यापेक्षा पोरीच्या कामाला येऊ दे म्हणून. त्या शालीचं ते जाकीट. ते दिव्यांत आलं आणि रऊफ उठून उभा राहिला. मागचे लोक खाली बसा म्हणेपर्यंत टाळ्या वाजवत राहिला. मग सारिका स्वतः बाहेर आली आणि आम्हा दोघांकडं बघून तिनं हात जोडले.

तो माझ्या आयुष्यातला फार चांगला दिवस होता. अजूनही आहे. पुढं जे झालं त्यानं तो कडू झालेला नाही — हेही माझ्या खात्यात धरा.

तीन आठवड्यांनी बाईंचा फोन आला. खालच्या घरातल्या वहिनींच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या बरोबर वर पाणी ठिबकत होतं. सरांची आंघोळ झाली की ठिबकायचं, दुपारी थांबायचं. म्हणजे नळाची नळी नव्हती; ती दिवसभर गळली असती. एक तर सांडपाण्याचा सांधा, नाहीतर माझी जमीन. मला पायऱ्या चढतानाच कळलं होतं कुठून गळतंय.

बाथरूमच्या दारात आम्ही सगळे उभे होतो. बाई, खालच्या वहिनी, रऊफ, मी. सर आतल्या खोलीत पलंगावर, दार उघडं, त्यांना सगळं ऐकू जात होतं. वहिनी रऊफला बोलत होत्या. रऊफनं शांतपणे सांगितलं की नळी पाण्यानं भरून एक रात्र ठेवली होती, पातळी उतरली नव्हती. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "विठ्ठलनं बघितलंय. त्याला विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, "मला नाय आठवत. मी खाली वाळू चाळत होतो."

एवढंच वाक्य. ते बोलताना माझा आवाजसुद्धा हलला नाही. मला नंतर पुष्कळदा वाटलं, निदान हलायला तरी पाहिजे होता.

रऊफ चिडेल असं मला वाटलं होतं. तो चिडला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग फरशीकडं, आणि तो विचार करायला लागला. जमिनीत पाणी भरून बघितलं होतं — मीच त्याला तसं सांगितलं होतं. मग जमीन ठीक. मग राहिलं काय? त्याचाच सांधा. माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून तो स्वतःपर्यंत येऊन पोचला.

त्यानं त्याच दिवशी फरशी फोडली. चांगली नळी कापली, नवा सांधा केला. मग मी वरचं काम केलं — या वेळी दोन्ही कोट मारले आणि पुरा दिवस पाणी भरून ठेवलं. गळती बंद झाली. सगळ्यांना काय दिसलं? रऊफनं नळी बदलली आणि पाणी थांबलं. याहून वेगळा पुरावा कुणाला लागतो?

परत जाताना मी त्याच्या स्कूटरवर मागं बसलो होतो. सिग्नलला तो म्हणाला, "माझाच हात चुकला असंल."

मी लाल दिव्याकडं बघत राहिलो. सिग्नल सुटला.

जोशीबाईंनी त्या भागातली अर्धी पोरं शिकवली होती. त्यांचा शब्द घरोघर चालायचा. त्या कुणाचं वाईट बोलणाऱ्या नव्हत्या, पण नळाला कोण बरा असं कुणी विचारलं की रऊफचं नाव घेणं त्यांनी सोडलं. मला मात्र कामं येत राहिली. पण रऊफचं काम नुसतं त्यामुळं सुटलं नाही — खरा बिघाड त्याच्या आत झाला होता. आधी दोनदा बोट फिरवणारा माणूस आता केलेला सांधा कापून परत करायचा. एका दिवसाच्या कामाला तीन दिवस. दोन वर्षांत त्यानं पाना खाली ठेवला आणि सिल्लोडला भाच्याच्या पाइपच्या दुकानात जाऊन बसला.

मी सारिकाला सांगितलं, चाचाला आता झेपत नाही.

गेल्या हिवाळ्यात अजिंठ्याला एका लग्नाला जाताना मी वाटेत त्याच्याकडं थांबलो. चहा झाला. एक बाई आली, घरी नुसता नळाचा वायसर बदलून द्या म्हणाली, घर समोरच होतं. रऊफ तिला म्हणाला, दुसरा माणूस बघा, माझ्या हाताचा भरवसा नाही. वायसर हो — शाळेतलं पोरगं बदलेल असा. आणि ते त्यानं माझ्यासमोर, जराही न लाजता सांगितलं, कारण माझ्यासमोर लाजण्यासारखं त्याला काही वाटत नव्हतं. मला तर सगळं ठाऊकच होतं, नाही का?

मी तसाच लग्नाला गेलो. जेवलोसुद्धा. पण परत आल्यावर ठरवलं आणि पंधरा दिवसांनी फक्त तेवढ्यासाठी सिल्लोडची बस धरली.

दुकानात उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं. एक कोट. शनिवार. पाणी भरलं नव्हतं. नळी मी बघितली होती, पातळी उतरली नव्हती. त्यानं मला दोनदा विचारलं, पाणी भरलंच नव्हतं? मी दोनदा नाही म्हणालो. त्यानं हातातला पाइपाचा तुकडा खाली ठेवला.

मग म्हणाला, "माझं नाव इथं गेलं नव्हतं, विठ्ठल. जिथं गेलं तिथं जाऊन सांग."

आणि आत निघून गेला. मी थोडा वेळ थांबलो. तो बाहेर आला नाही.

दुसऱ्याच दिवशी मी गारखेड्याला गेलो. सर चार वर्षांपूर्वी गेले. बाई एकट्या असतात, कमी दिसतं. मी उभ्यानंच सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, माझ्याकडं एक दिवस का नाही मागितलात? मी दाराकडं वळलो. त्या म्हणाल्या, "जाताना दार ओढून घ्या."

खालच्या वहिनी घर विकून गेल्या. तिथं भाडेकरू आहेत, त्यांना वाटलं मी काम मागायला आलोय. त्यांनाही पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण कुणाबद्दल चाललंय ते त्यांना कळलं नसावं. वहिनींचा पत्ता मी काढतोय.

मंदाला सांगितलं. ती आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलली. सारिका पुण्याहून आली तेव्हा तिला समोर बसवून सांगितलं. ती म्हणाली, मी फक्त शनिवार मागितला होता, बाबा. मग तिनं रऊफचाचाचा नंबर मागितला आणि गच्चीवर गेली. काय बोलली ते मी विचारलं नाही.

माझ्या सांगण्यानं रऊफचा हात परत येईल असं मला वाटत नाही. तो अजून दुकानातच बसतो. चूक माझी होती, त्याची नव्हती — एवढंच सांगायचं आहे, आणि ते जिथं जिथं त्याचं नाव घेणं बंद झालं तिथं तिथं सांगायचं आहे. यादी मी आठवून आठवून लिहून काढली आहे. काही घरांत माणसं बदलली, काही दारं उघडत नाहीत. सात घरं राहिलीत. येत्या रविवारी त्यातल्या तीन ठिकाणी जाणार आहे.