फ्लॅश कुणाचा होता

"कार्ड रिकामं करा. इथेच, सगळ्यांसमोर."

मराठी मंडळाचे अध्यक्ष हे माइकवरून बोलले नाहीत. माइकची गरजच नव्हती. भोपाळच्या शाहपुऱ्यातलं सभागृह, सकाळची मैफल, चारशे माणसं, आणि नुकतंच थांबलेलं गाणं. फक्त तंबोरा चालू होता. गाणाऱ्या बाईंनी एका डोळ्यावर तळवा धरला होता. त्या हळूच म्हणाल्या होत्या, "फ्लॅश नको हो. डोळ्याचं ऑपरेशन झालंय माझं." एवढंच. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. बोट दाखवलं ते अध्यक्षांनी. खांबाजवळ बसलेल्या माझ्याकडे.

मी कॅमेरा वर धरला. म्हणालो, "माझ्या कॅमेऱ्याला फ्लॅशच नाही. बघा."

कुणी बघितलं नाही.

"वाद नको," अध्यक्ष म्हणाले. "तुम्हा लोकांना एकदा आत घेतलं की..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. माझ्यासाठी ते अजून चालूच आहे.

मी कार्ड रिकामं केलं. वय पन्नास, हाताखाली चौदा माणसं, आणि मी मान खाली घालून बटण दाबलं. सगळे फोटो पुसायचे का, असं कॅमेऱ्याने एकदा विचारलं. माणसांनी तेवढंही विचारलं नव्हतं. मग मी मागे जाऊन चपलांच्या ढिगाजवळ बसलो. बाई पुन्हा गायल्या. संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या टाळ्यांची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

मी एका सरकारी इंजिनिअरिंग कारखान्यात टेक्निशियन आहे. घर अवधपुरीत. वडील भंडाऱ्याकडून नोकरीसाठी इकडे आले. आम्ही बौद्ध. आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. भोपाळमध्ये एका मराठी माणसाला दुसरा भेटला की तो आधी विचारतो, मूळचे कुठले? त्याच्या पुढचा प्रश्न तोंडाने विचारत नाहीत. माझ्या आडनावावरून त्यांना उत्तर सापडायचं नाही, आणि मी ते दिलं नाही. वर्षानुवर्षं दिलं नाही. देव्हाऱ्याच्या गोष्टी निघाल्या की मी लेन्स पुसत बसायचो.

गाणं मला कळत नव्हतं. मी मंडळात गेलो तो फोटोसाठी. मैफलीत शटरचा आवाज लोकांना टोचतो, म्हणून मी सोळा मात्रा बोटांवर मोजायला शिकलो. कारखान्यात प्रेसचा ठोका कधी पडणार ते कानाला आधी कळतं, तसंच हे. समेवर तबल्याची थाप पडते, लोक 'वा' म्हणतात, त्या आवाजात शटर बुडून जातं. आणि गाणाऱ्याचा चेहराही नेमका त्याच क्षणी मोकळा होतो. मी समेशिवाय बटण दाबत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. मोजत मोजत मलाच गाणं कळायला लागलं.

पूर्वी माझी जागा मंचाच्या पायथ्याशी होती. यंदा एप्रिलमध्ये मंडीदीपला भीमजयंतीच्या गाण्यांचा कार्यक्रम झाला. तिथे मी गाणाऱ्यांचे फोटो काढले आणि कुणीतरी मलाच फोटो काढताना टिपून ते स्टेटसला टाकलं. पुढच्याच मैफलीला अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही त्या खांबाजवळ बसा. तिथून तुम्हाला बरं पडेल." आधी ते मला 'या' म्हणायचे. आता 'आलात का' म्हणायला लागले. चहा माझ्यापर्यंत येईतो संपायला लागला. यातलं काहीच सिद्ध करता येत नाही. कुणाला सांगावं तर म्हणतात, तुमच्या मनाचे खेळ आहेत. मीही स्वतःला तेच सांगत होतो. खांबाजवळून खरंच बरं पडत असेल, म्हणत होतो.

त्या सकाळी गाणं सुरू व्हायच्या आधी अध्यक्षांचे जावई माझ्याकडे आले होते. नवा कोरा कॅमेरा, अंगात मोरपंखी कुर्ता. चांगला मुलगा आहे, हेही सांगितलं पाहिजे.

"काका, नक्की कधी दाबायचं हो? मला सगळे हललेले येतात."

"समेवर दाबा," मी म्हणालो. "आवाज झाकला जातो. आणि ऑटोवर ठेवू नका, फ्लॅश आपोआप उडतो."

अर्धं त्यांनी ऐकलं असावं. ते पुढच्या गादीवर जाऊन बसले. मी त्यांच्यामागे, तिरपा, खांबापाशी.

घरी आलो तेव्हा मुलगी डबा भरत होती. माझा चेहरा बघून तिने कॅमेरा मागितला, मग मी सांगितलं. सगळं ऐकून म्हणाली, "बाबा, कार्डला आता हात नका लावू. डिलीट झालं तरी लगेच जात नाही ते. रिकव्हर होऊन जाईल."

दुपारी तिने लॅपटॉपवर फोटो एकेक करून परत आणले. खिडकीतला सकाळचा उजेड बाईंच्या गालावर आला होता. उघडलेला हात, मिटलेले डोळे. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले फोटो. आणि त्यांच्यात एक खराब. मी मागून रुंद चौकट घेतली होती. बाईंचा चेहरा पांढराफटक, मागच्या पडद्यावर काळी सावली, आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात एक पांढरा गोळा. गोळ्यामागे मोरपंखी बाही.

दोघांनी एकाच समेवर बटण दाबलं होतं. मीच शिकवलं होतं ना.

"हे बघा, प्रूफ," मुलगी म्हणाली. "टाका मंडळाच्या ग्रुपवर. आत्ता टाका."

मी टाकलं नाही. ती चिडली. "घाबरता का तुम्ही त्यांना?"

तिला वाटलं मी अध्यक्षांना घाबरतोय. मी घाबरत होतो ते मेश्रामदादांना.

मेश्रामदादा आमच्याच कारखान्यात फिटर होते. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. अकरा वर्षांपूर्वी, मी मंडळात नवा असताना, ते वहिनींना घेऊन मैफलीला आले होते. हातात छोटासा कॅमेरा. माझ्या मागच्याच रांगेत बसले होते. आलाप चालू होता आणि माझ्या तेव्हाच्या जुन्या कॅमेऱ्याचा फ्लॅश आपोआप वर आला आणि उडाला. मी ऑटोवर ठेवला होता. मी झटकन तळव्याने तो खाली दाबला. तळव्याला तो गरम लागला, ते अजून आठवतं. कार्यकर्ते आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मागे मेश्रामदादांकडे बघितलं. मेश्राम हे आडनाव सगळ्यांना कळतं. चौकशी तिथेच संपली.

त्यांना बाहेर जायला सांगितलं. दादा उठले. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी मंचाकडे बघत होतो. वहिनींनी दारात चपला घातल्याच नाहीत, हातात घेऊन गेल्या.

मी बसून राहिलो. मला जागा टिकवायची होती. नंतर जवळजवळ अकरा वर्षं मी त्या जागेवरून चांगले फोटो काढले.

संध्याकाळी मी दादांकडे गेलो. ते आता रिटायर झालेत. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तो फ्लॅश माझा होता, हे सांगितलं. वहिनी दारात आल्या आणि ऐकून आत गेल्या.

"मले मालूम होतं," दादा म्हणाले. "उजेड तुयाच कॅमेऱ्यातून आला होता."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो तं दोघंही भायेर गेलो असतो. म्हटलं, आपला एक तरी माणूस आत राहू दे."

मी खाली बसलो. त्यांनी बसायला सांगितलं नव्हतं.

"अन् तू आत राहून काय केलं?" ते म्हणाले. "फोटो काढले."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हाताने थांबवलं. "माह्या घरात माफी नको मांगू. इथं कोनी ऐकत नाही. जिथून मले काढलं, तिथं सांग. तवा पाहू."

चहा आला नाही. मला तो अपमान वाटला नाही. तो जुना हिशोब होता.

चार दिवसांनी अध्यक्षांचा फोन आला. आवाजात साखर.

"अहो, मनावर घेऊ नका. प्रसंगच तसा होता. बरं, स्मरणिकेचं काम अडलंय. जावईबापूंचे फोटो सगळे हललेत. एक तर नुसता पांढरा."

"पांढरा कशाने झाला?" मी विचारलं.

ते खाकरले. मग, "जाऊ द्या ना आता."

म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून माहीत होतं, ते मी विचारलं नाही. माझा संशय असा आहे की बोट दाखवलं तेव्हाही माहीत होतं. हेही सिद्ध करता येणार नाही.

"हल्ली पुसलेलं परत आणता येतं म्हणतात," ते म्हणाले. "बघा जमलं तर. स्मरणिकेत नाव देऊ तुमचं."

"पूर्ण नाव?"

"पहिलं नाव देऊ ना. जागा कमी असते."

गेल्या वर्षीची स्मरणिका माझ्यासमोरच होती. रांगोळी काढणाऱ्या मुलींपासून माइकवाल्यापर्यंत सगळ्यांची आडनावं होती. फोटोंच्या खाली छापलं होतं, 'मंडळाच्या सौजन्याने'. मी ते कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर आडनाव सांगावं लागलं असतं, आणि मग मूळचे कुठले.

"फोटो आहेत," मी म्हणालो. "देणार नाही."

"म्हणजे?"

"पुढच्या मैफलीला येतोय. तिथे बोलू. सगळ्यांसमोर."

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर ग्रुपवर मला कुणी उत्तर देत नाही. दोघांनी खाजगीत लिहिलं की प्रकरण वाढवू नका, मुलीच्या लग्नाचं बघायचंय तुम्हाला. मुलीला ते दाखवलं. ती म्हणाली, "माझं नाव काढून डरवतायत? तुम्ही जा."

मैफल येत्या रविवारी आहे. तिकीट काढलंय, मधल्या रांगेचं. खांबाजवळ बसणार नाही. तंबोरे लागायच्या आधी उभा राहीन, कारण गाणं सुरू झाल्यावर मी गाण्यात अडथळा आणणार नाही. तेवढं गाणं मला आता कळतं. आधी अकरा वर्षांपूर्वीचा फ्लॅश सांगेन. तो माझा होता, मेश्रामदादांचा नव्हता, आणि मी गप्प बसलो. मग या वेळचा सांगेन, आणि तो फोटो मोठा करून हातात धरेन. हा क्रम बदलणार नाही. आधी माझा गुन्हा, मग त्यांचा. दादा येणार नाहीत. मी बोललो की नाही, ते त्यांना कळेलच.

मला माहीत आहे, फोटोत फ्लॅश दिसतो. 'तुम्हा लोकांना' दिसत नाही. ते कुठल्याच कॅमेऱ्यात येत नाही. म्हणून माझं आडनाव, गाव, समाज, सगळं सांगून झाल्यावर मी अध्यक्षांना त्यांचं अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण करायला सांगणार आहे. इथेच, सगळ्यांसमोर. ते पूर्ण करेपर्यंत मी खाली बसणार नाही.