नेटवर्क गेलं, आजी चालू

माझी लेक पहिलीत गेली ती मोबाइलमधून. केजीचं वर्ष संपता संपता शाळेला कुलूप लागलं आणि भर उन्हाळ्यात एका सकाळी शाळेच्या ग्रुपवर फर्मान आलं: उद्यापासून वर्ग भरेल, मुलांना पूर्ण युनिफॉर्ममध्ये बसवावे. पूर्ण कशाला, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. सगळ्या आयांनी मेसेजखाली हात जोडल्याची चित्रं तेवढी पाठवली. मी पोरीला वरून शर्ट आणि टाय, खालून घरची चड्डी घालून डायनिंग टेबलाशी बसवलं आणि मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला. ती बरणी पुढे शाळा उघडेपर्यंत शाळेतच होती.

वर्ग कसा असतो ते मी डोळ्यांनी बघितलंय. प्रार्थना जितकी घरं तितक्या वेळांना सुरू व्हायची आणि संपायचं नाव घ्यायची नाही. कुणाचा बाप मागे दात घासत फिरायचा, कुणाकडे भांडी पडायची, आणि मॅडमच्या स्वतःच्या घरचा कुकर नेमका बेरजेच्या वेळी शिट्टी द्यायचा. पीटीच्या तासाला रायपुरातल्या तेलीबांध्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये पोरगी उड्या मारायची आणि खालच्या मजल्यावरची बाई आमचा उद्धार करायची. यालाच आता शिक्षण म्हणायचं, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं, आणि आम्हीही ते निमूट ऐकून घेतलं होतं.

पहिल्या महिन्यात फोनच्या पुढे पोरगी असायची आणि फोनच्या मागे आम्ही तिघं. मी, कारण माझं ऑफिस घरातच आलं होतं. नवरा, कारण उरला भागातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये त्याला एक दिवसाआड बोलवत होते. आणि सासूबाई, कारण घरात एवढा तमाशा चालू असताना आत बसून जप करणं त्यांच्याच्याने होईना. सासूबाई वऱ्हाडातून लग्न होऊन रायपुरात आल्या त्याला जमाना झाला, पण बोली तिकडचीच राहिली. त्या नातीशी वऱ्हाडीत बोलतात, नात हिंदीत उत्तर देते, आणि दोघींचं उत्तम जमतं.

मॅडमनी प्रश्न विचारला की आम्ही तिघंही ओठ हलवायचो. नवरा बोटं दाखवायचा, मी डोळे मोठे करायचे, सासूबाई सरळ मोठ्याने सांगून टाकायच्या, आणि तेही बरेचदा चुकीचं. शेवटी एक दिवस मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "पैरेंट्स से निवेदन है, पहली कक्षा में बच्चों को पढ़ने दें." आम्ही तिघं नाक कापल्यासारखे बेडरूममध्ये गेलो. तिथे दाराला कान लावून बसायचो, आणि वर्ग संपला रे संपला की एकदम बाहेर येऊन पोरीला घेरायचो. "काहून चुकली तू?" "इतकं सोपं होतं ना गं." "माय वो, काल तर बरोबर सांगे."

पावसाळ्याच्या सुमारास तिचं नेटवर्क जायला लागलं. दाराआडून आम्हाला एवढंच ऐकू यायचं, "बेटा, आवाज़ नहीं आ रही. बेटा? अटक गई है शायद. चलो, आगे." हिंदीच्या वाचनाला तर हटकून जायचं. मी तापट आहे, हे आमच्या घरात कुणालाही विचारा. मी इंटरनेटवाल्या भैयाला बोलावलं आणि त्याचा जीव खाल्ला. त्याने डबी बदलली, वायर बदलली, टेबल खिडकीशी नेलं, मग स्वयंपाकघराच्या तोंडाशी आणलं. नवऱ्याने वरती बाल्कनीत काही तरी बांधलं, ते वाऱ्याने पडलं. भैया शेवटी हात जोडून म्हणाला, "दीदी, लाइन एकदम बढ़िया है."

"मग माझी मुलगी का अटकते?" मी रागाच्या भरात मराठीतच विचारलं.

त्याला कळलं. रायपुरात कळतं. "बच्ची का नहीं मालूम दीदी," तो म्हणाला, "लाइन नहीं अटकती."

खरं काय ते दोन दिवसांनी कळलं. मी दाराआड होते. वाचनाचा तास, मॅडमनी माझ्या लेकीचं नाव घेतलं आणि नेहमीसारखी शांतता पसरली. मग मॅडमचा आवाज आला, जरा चक्रावलेला: "एक मिनट. बच्ची का तो नेटवर्क गया है, लेकिन पीछे दादीजी चल रही हैं."

मी दार उघडून बाहेर आले. पोरगी खुर्चीत बसली होती, एक हात हवेत, तोंड अर्धं उघडं, डोळे तिरपे, पापणीसुद्धा लवत नव्हती. तिच्या मागून सासूबाई कोथिंबिरीची जुडी घेऊन स्वयंपाकघरात निघाल्या होत्या. मॅडमचं ऐकून त्याही जागच्या जागी थांबल्या, त्यामुळे आता सगळंच थिजलं.

वर्ग संपल्यावर मी विचारलं, हे कुणी शिकवलं. पोरीने अगदी सहज सांगितलं, "पापा भी तो करते हैं ना, जब सेठजी पूछते हैं."

नवरा छताकडे बघायला लागला. मिलचे मालक, ज्यांना सगळे सेठजी म्हणतात, फोनवर रोज मीटिंग घ्यायचे. माल कधी निघेल असं त्यांनी विचारलं की आमच्या घरातलं नेटवर्क जायचं, हे माझ्याही कानावर होतं. मीच त्यासाठी भैयाला एकदा जास्तीचं झापलं होतं. मी नवऱ्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सासूबाई मात्र पदर तोंडाशी धरून हसत होत्या. "बापावर गेली," म्हणाल्या.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला, तेव्हा हसू मावळलं. त्या रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, दीदी, बच्ची पढ़ नहीं रही है. गेल्या काही महिन्यांत तिने वर्गात एकही शब्द वाचलेला नाही. वर्षअखेरीला तोंडी परीक्षा आहे. तेव्हाही नाही बोलली तर पुन्हा पहिलीतच बसवलेलं बरं, नाही तर पाया कच्चा राहील. मी फोन ठेवला आणि पोरीकडे बघितलं. ही तीच पोरगी, जी केजीत असताना ऑटोवाल्या भैयाला शाळेपासून घरापर्यंत गप्प बसू देत नसे. तिला वाचता येत नाही, याची मला तेवढी भीती वाटली नाही. ती बोलायची बंद झाली होती, आणि आम्ही तिघं वायरी तपासत बसलो होतो. मला रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

मग मी शिकवायला घेतलं आणि सगळं आणखी बिघडवलं. पुस्तक उघडलं की ती थिजायची, आता फोन नसतानाही. मी समोर बसले की तर हमखास.

तशात भुलाबाई आल्या. आमच्याकडे वऱ्हाडी घरांतून पोरी भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर जातात, आणि गाणी झाली की यजमानीण झाकलेला डबा कानाशी वाजवून दाखवते. आतला खाऊ ओळखायचा. ओळखला की मिळतो, आणि नाही ओळखला तरी मिळतोच. त्या वर्षी कुणाच्या घरी जायची सोय नव्हती. सासूबाईंनी हट्टच धरला, तेव्हा कॉलनीतल्या आणि ओळखीतल्या आठ-दहा घरांनी मिळून फोनवरच भुलाबाई बसवल्या. गाण्यांचं मातेरं झालं, कारण प्रत्येक घर आपापल्या तालात. पण डबे आले आणि सगळ्या पोट्ट्या फोनमध्ये घुसल्या.

आता फोनवरून डब्याचा आवाज म्हणजे काय? शेव असो की लाडू, सगळं गिट्टीसारखंच वाजतं. सगळ्यांत मोठा आवाज माझ्या लेकीचा होता. "मुर्रा! नहीं, चना! नहीं नहीं, ठेठरी! खुरमी! बिस्कुट!" एकही बरोबर नव्हतं. पलीकडची बाई प्रत्येक चुकीच्या नावाला फुलत होती, कारण खाऊ ओळखू आला नाही म्हणजे तिचा मान वाढला. "अजून सांग बाई, अजून सांग," ती म्हणत होती. पोरगी खुर्चीवर उभी राहून ओरडत होती. शेवटी डबा उघडला, त्यात शंकरपाळे निघाले, आणि एवढ्या चुका करूनही तिला हरल्यासारखं वाटलं नाही.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. या पोरीचं काही अडकलेलं नव्हतं. चुकलं की तिघांची तोंडं एकदम उतरतात आणि मग चौकशी बसते, एवढं तिला पक्कं कळलं होतं. तिने त्यातून वाट काढली. कुणीही शहाणं माणूस काढेल.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंकडून डबा मागून घेतला. रोज काही तरी नवीन भरायचं आणि पोरीने पुस्तकातला शब्द सांगायचा. चुकला की डबा वाजायचा, म्हणजे अजून सांग. कुणी डोळे मोठे करायचे नाहीत, कुणी "काल तर येत होतं" म्हणायचं नाही. नवऱ्याला हे सगळ्यांत जड गेलं. सासूबाईंना मात्र भलतंच आवडलं. नात लवकर बरोबर बोलली तर त्यांचा चेहरा पडायला लागला. "इतक्या लवकर कायले ओळखतं वं," म्हणायच्या.

परीक्षेच्या दिवशी शाळेचा नवा नियम आला. घरातल्या मोठ्यांनी मुलाच्या मागे, कॅमेऱ्यात दिसतील असं उभं राहायचं, म्हणजे कुणी समोरून खाणाखुणा करणार नाही. आम्ही तिघं पोरीच्या मागे उभे राहिलो. तिने वळून एकदा आमच्या तोंडांकडे बघितलं आणि तिचा हात हळूहळू हवेत जायला लागला. मी नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या खांद्यांना धरून दोघांना भिंतीकडे फिरवलं आणि स्वतःही फिरले. मॅडमना काय दिसलं असेल कोण जाणे. शिक्षा झालेली तीन मोठी माणसं, भिंतीला नाक लावून.

"हाँ बेटा, पढ़ो," मॅडम म्हणाल्या.

काहीच नाही. भिंतीवर पोपडे आले होते, ते मी बघत राहिले. मग माझ्या शेजारी, सासूबाईंच्या पदराआड, डबा वाजला.

"कमल," पोरगी म्हणाली.

साफ चूक. आयुष्यात कुणाच्या चुकीच्या उत्तराचा मला एवढा आनंद झाला नव्हता.

"फिर से देखो," मॅडम म्हणाल्या. डबा पुन्हा वाजला. "कलम? कट... कटह... कटहल!" फणस एकदाचा फुटला, आणि मग ती थांबेना. पुढची ओळ, त्याच्या पुढची, धडपडत, चुकत, स्वतःच दुरुस्त करत. मॅडमनी मध्येच विचारलं, "बेटा, ये आवाज़ कैसी आ रही है?" पोरगी म्हणाली, "खाऊ है मैम. सबका होने के बाद मिलेगा." नवरा भिंतीकडे तोंड करून नाक ओढत होता. त्याला सर्दी नव्हती.

ती दुसरीत गेली. तीही मोबाइलमधूनच, पण बडबड करत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नवरा त्याच टेबलाशी, त्याच बरणीसमोर मीटिंगला बसला होता. मी भाजी निवडत होते. फोनमधून सेठजींचा आवाज आला, "तो वो माल कब निकल रहा है?" नवऱ्याचा हात हवेत गेला, तोंड अर्धं उघडं राहिलं. मी काही बोलणार तोच पोरगी फळीवरून डबा घेऊन आली, फोनच्या मागे उभी राहिली आणि तिने तो वाजवला.

"पापा, गलत बोल दो ना," ती म्हणाली. "फिर दूसरा बोल देना."

फोन चालू होता. नवरा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने हात खाली घेतला आणि घसा साफ केला.

"सेठजी, इस हफ़्ते नहीं निकलेगा," तो म्हणाला. "लेबर आधा गाँव चला गया है. मुझे भी नहीं मालूम कब निकलेगा."

मी उठून फोनमध्ये डोकावले. सेठजी तोंड अर्धं उघडं ठेवून जागच्या जागी थिजले होते, आणि त्यांच्या डोक्यावरचा पंखा गरगर फिरत होता. पोरीने डबा त्यांच्यासाठीही एकदा वाजवला.