डाव्या कडेचं तेल

डावखुऱ्या माणसाचा जगात कुणी फारसा विचार करत नाही. कात्री उजव्यांची, बाकाची फळी उजव्यांची, डबा उघडायची चावीसुद्धा उजव्यांची. तेव्हा आपल्यासाठी कुणीतरी मुद्दाम डावीकडे काही करून ठेवलं असेल, अशी शंका तिला तीन वर्षांत एकदाही आली नाही, यात तिचा काय दोष?

घरी तिला चांगलं नाव होतं, पण बोलिंगच्या हॉलमध्ये सगळे तिला डावरी म्हणत. हॉल म्हणजे फर्निचरच्या एका मोठ्या दुकानाचं तळघर. बारा लेन, भाड्याच्या बुटांचा काउंटर आणि त्या बुटांत मारायच्या फवाऱ्याचा कायमचा वास. तिचा मामा तिथला मेकॅनिक. लेनच्या त्या टोकाला, पडद्यामागे, पिना उभ्या करणारी यंत्रं धडधडत असतात. त्या अरुंद बोळात मामाचं राज्य. तिथे राहून राहून त्याचा उजवा कान अधू झाला होता, आणि नको ते बोलणं निघालं की तो नेमका तोच कान पुढे करायचा.

आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची, ती सातला घरी यायची. म्हणून शाळा सुटली की चौदा वर्षांची डावरी मामाच्या हॉलवर. आधी नुसती बसायची. मग एक दिवस तिने एक हलका चेंडू उचलला, आणि तिथून ती जी वेडी झाली ती झालीच. पाच पावलं, मागे जाऊन पुढे येणारा हात, अंगठा सुटतो तो क्षण. चेंडू सुटला की पुढचं काही आपल्या हातात नसतं, हे सगळ्यांना कळतं. तरी मान कलती करून, एक पाय हवेत धरून ती त्याला वाट दाखवत राहायची, जणू काही त्याला मागे डोळे आहेत. दहाही पिना एकदम पडल्या की होणारा तो कडकडाट तिला रात्री उशीवरसुद्धा ऐकू यायचा. डावखुऱ्यांना छळते ती डाव्या कोपऱ्यातली सात नंबरची पिन. बाकीच्या नऊजणी आडव्या झाल्या तरी ही आपली उभीच. डावरी तिला आत्याबाई म्हणायची, आणि खरी आत्या ज्यांनी पाहिली होती त्यांना हे नाव फार पटायचं.

सुरुवातीला मात्र तिचा दर दुसरा चेंडू कडेच्या गटरात जायचा. दुसऱ्या महिन्यात ती बुटांच्या काउंटरमागे बसून रडली.

‘मला नाही जमत. मी उद्यापासून नाही येणार.’

‘एक आठवडा ये,’ मामा म्हणाला. ‘मग नाही जमलं तर नको येऊस.’

त्या आठवड्यात जमलं. पुढच्या आठवड्यात जास्त जमलं. मामाने तिच्या डाव्या हाताची मापं घेऊन तिच्यासाठी चेंडूला भोकं पाडून आणली. तो चेंडू दुसऱ्या कुणाच्या हातात बसायचा नाही. सतराव्या वर्षी तिची सरासरी दोनशे चार होती. तीनशे म्हणजे पूर्ण, त्याच्या वर काही नाही, एवढं सांगितलं म्हणजे दोनशे चार म्हणजे काय ते कळेल. तिच्या वर गावात कुणीच नव्हतं. मालकाने तिचा फोटो जिन्याजवळ लावला. मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, ‘माझी भाची. मीच शिकवलं.’

त्याच वर्षी तिला दुसऱ्या गावी, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांच्या कॉलेजात, जागा मिळाली. आणि त्याच दिवसांत देशाच्या ज्युनियर संघाची निवड चाचणी होती. आई म्हणाली, ‘चेंडू ढकलून पिना पाडायच्या, यात जन्म काढणार आहेस का?’ डावरी मामाकडे बघत राहिली. मामाने बहिणीसमोर बसून शब्द टाकला.

‘ताई, दोनशेच्या खाली येत नाही पोरगी. निवड झाल्यातच जमा आहे. कॉलेज काय पळून जातंय?’

आईने भावाच्या शब्दावर मान डोलावली. कॉलेजची जागा गेली.

चाचणी मोठ्या शहरातल्या हॉलमध्ये होती. मामा बरोबर येणार होता, पण ऐन वेळी त्याचं यंत्र बिघडलं. ती एकटी गेली. पहिल्या गेमला एकशे एकोणचाळीस. दुसऱ्याला एकशे अठ्ठावीस. जो चेंडू घरच्या हॉलमध्ये डाव्या कडेला जाऊन शहाण्यासारखा वळून परत यायचा, तो इथे कडेला गेला की गेलाच, वळेचना. तिने उभं राहायची जागा बदलली, बुटांचे तळवे पुसले, अंगठ्याला टेप लावली. शेवटून दुसरी आली. परतीच्या बसमध्ये ती रडलीसुद्धा नाही, इतकी ती चक्रावली होती.

‘तिथल्या लेनच वेगळ्या होत्या,’ तिने हॉलवर सांगितलं.

‘नाचता येईना, अंगण वाकडं,’ काउंटरवरची बाई म्हणाली. वाईट मनाने नव्हे, पण लागलं.

एकटे दातांचे डॉक्टर हसले नाहीत. निवृत्त झालेले, गोल पोटाचे, दर गुरुवारी येणारे आणि हॉलमधले दुसरे डावखुरे. खेळ यथातथाच. ते म्हणाले, ‘अगं, माझंही तेच होतं. इथे दीडशे करतो मी, या पोटासकट. बाहेर कुठे गेलो की गटरात. इथली जागाच लाभते आपल्याला.’

दोघं डावखुरे. दोघांनाही इथलीच जागा लाभते. डावरीच्या हातातला बूट हातातच राहिला.

लेनवर तेल असतं हे तिला माहीत होतं, जसं टाकीत पाणी असतं हे आपल्याला माहीत असतं. डोळ्यांना दिसत नाही, पण चेंडू त्याच्यावर घसरतो. जिथे तेल नसतं तिथे तो लाकडाची पकड घेऊन वळतो. रोज सकाळी मामा तेलाचं यंत्र एकेका लेनवर सोडायचा, आणि ते पेटीएवढं यंत्र गुरगुरत जाऊन परत यायचं. कुठे किती तेल, ते मामा ठरवायचा. दुसऱ्या दिवशी हॉल उघडायच्या आधी ती गेली, चार नंबरच्या लेनवर गुडघे टेकले आणि तळहात फिरवला. मधे तेल. उजवीकडे तेल, कडेला जाता जाता बेताबेताने कमी होत गेलेलं. डावीकडे मधलं तेल भिंतीसारखं एकदम संपलेलं, आणि पुढे कडेपर्यंत लाकूड कोरडं ठणठणीत. पाच नंबरवर तेच. बाराही लेनवर तेच. म्हणजे डाव्या हाताने चेंडू भरकटवला तरी कोरडी कड त्याला हाताला धरून परत आणणार, आणि आत पडला तर तेल त्याला सरळ नेणार. चुकायची सोयच नव्हती. अंगण वाकडंच होतं, पण तिच्या बाजूने.

मामा तेलाचे हात पुसत आला. तिने तळहात त्याच्यापुढे धरला. त्याने अधू कान पुढे केला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

‘तू रडत होतीस गं,’ तो म्हणाला. ‘मी म्हटलं, आठवडाभर जरा हात देऊ. मग तू रोज यायला लागलीस, हसायला लागलीस. काढायचं कधी? दर सोमवारी म्हणायचो, या सोमवारी काढतो.’

‘तीन वर्षं सोमवार आला नाही?’

‘मलाच वाटायला लागलं होतं की तू खरंच दोनशेची आहेस.’

‘तुझं यंत्र बिघडलं नव्हतं. तुला माहीत होतं तिथे काय होणार.’

मामाने पुसलेलेच हात पुन्हा पुसले.

‘मी कॉलेज सोडलं, मामा. तू आईला शब्द दिलास.’

‘तुला खेळ आवडत होता ना पण?’

‘मला काय आवडत होतं तेच आता मला कळत नाहीये. खेळ की तुझं तेल?’

परक्याने फसवलं तर माणूस चार शिव्या देऊन मोकळा होतो. पण ज्याने बोटं मोजून चेंडूला भोकं पाडली, त्यानेच केसाने गळा कापावा, आणि वर तो माया करत होता म्हणावं, तर शिवी तरी कुणाला द्यायची? जिन्याजवळचा फोटो तिने स्वतः उतरवला. आईला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईचा भाऊही गेला असता.

खेळ मात्र सुटला नाही. पंधरा दिवस ती हॉलकडे फिरकली नाही, आणि पंधरा दिवस चालताना तिची पावलं आपोआप पाच-पाचची पडत होती. सोळाव्या दिवशी ती आली आणि मामाला म्हणाली, ‘सगळीकडे सारखं तेल लाव. चाचणीला असतं तसं, कडेपर्यंत.’

‘लावतो. तुझी शपथ.’

‘माझी शपथ घेऊ नकोस.’

मामाने लावलं. आणि रोज सकाळी, पहिला चेंडू टाकायच्या आधी, ती लेनवर जाऊन डाव्या कडेला तळहात टेकवायची. मामा बघत उभा असायचा. पहिल्या दिवशी तो म्हणाला, ‘तपास, तपास.’ दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो; ती वर्षभर फुंकत होती. एकशे बारा, एकशे तीस, एकशे एकावन्न. आत्याबाई आता रोज उभी राहायची आणि खाली वाकून बघायची. पण शरद ऋतूपर्यंत एकशे ऐंशी येऊ लागले, आणि ते एकशे ऐंशी मामाच्या तेलाचे नव्हे, तिच्या स्वतःच्या मनगटाचे होते. एकदा तिने मामाच्या डब्यातला घासही खाल्ला. मामा त्या दिवशी उगाचच शिट्टी वाजवत हिंडला.

पुढची चाचणी फिरत फिरत त्यांच्याच हॉलमध्ये आली. अठरा मुली, सहा जागा. संघटनेच्या माणसाने तेलाचा नकाशा मामाच्या हातात दिला आणि तो चहाला गेला. नियम असा की चाचणीच्या दिवशी खेळाडूने लेनला हात लावायचा नाही, लेन सुरू होते तिथली काळी रेघ ओलांडायची नाही. रेघेवर यंत्राचा डोळा असतो. पाय पलीकडे गेला, मग तो चेंडू टाकून झाल्यावर का असेना, की भोंगा वाजतो आणि त्या चेंडूला पडलेल्या पिना शून्य.

तर त्या सकाळी वर्षात पहिल्यांदा तिला तळहात टेकवता आला नाही.

आणि नेमकी त्याच दिवशी ती देवासारखी खेळली. एकशे नव्वद, दोनशे एक, एकशे अठ्ठ्याण्णव. दुसरी एखादी आनंदाने उडाली असती. ही दर गेमनंतर डाव्या कडेकडे बघत राहिली. कडेला गेलेला एक चेंडू वळून परत आला. आपण तो तसाच टाकला होता की कुणी त्याला परत आणला? तिने मागे वळून पाहिलं. पडद्यापाशी मामा उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं, फोटो लावला त्या दिवशीचं.

शेवटच्या गेमचा शेवटचा चेंडू सगळ्यांत शेवटी तिच्याच वाट्याला आला. दहा पिना उभ्या, आणि सहाव्या जागेसाठी हव्या होत्या सात. पाच पावलं, हात, अंगठा. चेंडू पुढच्या दोन पिनांमधल्या फटीत शिरला आणि नऊजणी गेल्या. आत्याबाई डुलली, थांबली, आणि मग सावकाश आडवी झाली. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. दातांचे डॉक्टर खुर्चीवर उभे राहिले.

तिला ते काही ऐकू आलं नाही. मामा तेलाचं यंत्र ढकलत तिच्याच लेनकडे येत होता. पुढची फेरी मुलांची. नवं तेल घालायचं होतं. दोन मिनिटांत जुनं पुसलं जाणार, आणि मग आयुष्यभर कळणार नाही. खोट्या तेलावरची निवड घेऊन ती कुठे जाणार होती? पुन्हा एकदा कुठल्याशा हॉलमध्ये शेवटून दुसरी यायला?

ती रेघ ओलांडून लेनवर गेली आणि गुडघ्यांवर बसून तिने डाव्या कडेला तळहात टेकवला.

तेल होतं. अगदी कडेपर्यंत होतं. हात पूर्ण ओला झाला. मामाने नकाशाबरहुकूम, थेंबाचाही फरक न करता लावलं होतं, आणि ते सगळे गुण तिचे होते.

भोंगा केव्हाचा वाजत होता. तिच्या लेनवरचा लाल दिवा लागला होता. पंच धावत आला, बिचारा अवघडून म्हणाला, ‘ताई, रेघ ओलांडलीत. चेंडू बाद.’ फळ्यावर दहाच्या जागी शून्य आलं, आणि तिचं नाव सहाव्यावरून सातव्यावर घसरलं. डॉक्टर खुर्चीवरून खाली उतरले.

मामा यंत्राची मूठ धरून उभा होता. तिचा तेलाचा तळहात त्याने पाहिला, आणि काय झालं ते त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

‘मला विचारायचंस ना गं,’ तो म्हणाला. ‘मी सांगितलं असतं.’

‘सांगितलं असतंस,’ ती म्हणाली. ‘तेल असतं तरी आणि नसतं तरी, हेच सांगितलं असतंस.’

तिने कमरेला खोचलेल्या फडक्याला हात पुसला आणि तिचा चेंडू पिशवीत भरला. मुलं बूट बांधून तयार होती, म्हणून मामाला यंत्र सुरू करावं लागलं.