जादा थर

लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या करण्यात त्या सुताराचा हात धरणारं कुणी नव्हतं. आत फोम, वरून लाकडाचा पातळ पापुद्रा, त्यावर रेझिनमध्ये, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या चिकट रसायनात, भिजवलेलं फायबरचं कापड. फळी उचलताच गिऱ्हाईक हसायचं, इतकी ती हलकी. जड व्हायची ती एकच, त्याच्या मुलीची. लाकडाखाली तो गुपचूप कापडाचा एक जादा थर घालायचा. कधीकाळी एका गिऱ्हाइकाची फळी लाटेत मोडली होती आणि तुटक्या टोकानं त्याची मांडी उभी चिरली होती. ती मांडी सुताराच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

लाटांवरची स्पर्धा पुन्हा हरल्यावर फळीच्या वजनाचा संशय येऊन मुलीनं ती करवतीनं आडवी कापली. आतला थर उचकटून बापासमोर धरला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, प्रत्येक लाटेवर तू माझ्या पाठीवर बसून येतोस," ती म्हणाली. "उतर आता."

पुढची फळी ती दुसऱ्याकडून करून घेणार होती. आई मध्ये पडली म्हणून त्याला एक संधी मिळाली. अट अशी की काम संपेपर्यंत मुलगी समोर उभी राहणार.

त्यानं फोमवर रेझिन पसरलं. रेझिन तापून घट्ट व्हायला लागलं की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. कापडाचा गुंडाळा हाताच्या अंतरावर होता. मुलगी फळीकडे नव्हे, त्या हाताकडे बघत होती. त्यानं लाकूड बसवलं, फळी प्लास्टिकच्या पिशवीत सरकवली, पंप सुरू केला. हवा निघून पिशवी लाकडाला घट्ट बिलगली आणि त्याला फोमवर दाबू लागली.

मग कुठूनतरी बारीक सूं ऐकू आलं. दाबाचा काटा उतरू लागला.

दोघं दोन बाजूंनी पिशवी चाचपू लागले. भोक त्यालाच सापडलं, शेपटाकडच्या घडीत. अंगठ्याखाली हवा थंडगार आत ओढली जात होती. मुलगी अजून पुढच्या टोकाशीच शोधत होती. त्यानं नुसतं गप्प बसायचं होतं. लाकूड फोमला धरलं नसतं, दुरुस्तीला जादा कापड घालावंच लागलं असतं, आणि त्याच्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं.

काटा आणखी घसरला. 

"इथं आहे," तो म्हणाला. "चिकटपट्टी आण. पळ."

तिनं पट्टी दाबून बसवली. काटा हळूहळू वर चढला. रेझिनची ऊब पिशवीतून त्याच्या तळव्याला लागू लागली, म्हणजे ते आत घट्ट होत लाकडाला धरत होतं. आता मध्ये काही सरकवायला फट उरली नव्हती.